धुळ्याच्या उन्हाळ्यात तग धरणारा साधा डबल स्पंज फिल्टर

किंमत अडीचशे रुपयांच्या आत. डब्यावर कंपनीचं नाव नाही, आत मोटार नाही, लाइट नाही. तरी माशांच्या माझ्या तीन फुटी टाकीत आजवर जेवढे फिल्टर लागले त्यांत हाच सगळ्यात भरवशाचा निघाला. ५ पैकी साडेचार गुण देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. मुठीएवढ्या जाडीचे दोन काळे गोल स्पंज, दोन्ही मधल्या प्लॅस्टिकच्या नळीला आडवे जोडलेले. नळीच्या तळाशी हवेची पातळ नळी खोचायची, तिचं दुसरं टोक बाहेरच्या एअर पंपाला. हवेचे बुडबुडे उभ्या नळीतून वर चढतात, सोबत पाणी ओढून नेतात, आणि त्या पाण्याची जागा घ्यायला टाकीतलं पाणी स्पंजाच्या भोकांतून आत येत राहतं. बस, एवढंच यंत्र. बिघडण्यासारखं काही नाहीच. ‘एवढ्याशा बुडबुड्यांनी काय पाणी स्वच्छ होणार’ असं पुष्कळजण म्हणतात. त्यांना वाटतं फिल्टर म्हणजे गाळणी. गाळ धरणं हे याचं दुय्यम काम आहे. मुख्य काम त्या स्पंजावर राहायला येणारे जंतू करतात, आणि फिल्टर विकत घेताना आपण खरं तर त्यांच्यासाठी जागा विकत घेत असतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर स्लाइडवर जंतू शोधायचे, मोजायचे, डॉक्टरांना कळवायचे. त्यामुळे या विषयात मला जरा जास्तच रस आहे, आणि हे लिखाणही थोडं लांबेल.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच. टाकीत तो दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहाल. कुठलं रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर (पाणी आम्लाकडे झुकतं की अल्कलीकडे, त्याचं माप) आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो. पीएच ८ आणि ३० अंश झालं की तोच आकडा सात टक्क्यांच्या वर जातो. आता आपल्याकडचं बघा. काळ्या दगडातून आलेलं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरणारं, पीएच आठच्या आसपास. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकलेला, कूलर लावूनही टाकीतलं पाणी ३२-३३ अंशांवर. महाबळेश्वरला ज्या चुका खपतील त्या धुळ्यात, भुसावळात खपत नाहीत. म्हणून मी म्हणते की खान्देशात मासे पाळणाऱ्याने माशांच्या आधी फिल्टरचा विचार करावा.

पण या कडक पाण्याचा एक मोठा फायदाही आहे, आणि तो कुणी सांगत नाही. स्पंजावरचे जंतू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करतात, आणि त्यात पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवून धरायची ताकद, खर्च करतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता जाते. आपल्या बोअरच्या पाण्यात ती भरपूर. पण जपायचं म्हणून काहीजण टाकीत निव्वळ जारचं आरओ पाणी भरतात. त्यात क्षारता जवळजवळ नसतेच. थोड्या दिवसांत पीएच घसरतो, सहाच्या आसपास आला की या जंतूंचं काम जवळपास थांबतं, आणि मग महागडा फिल्टर चालू असूनही अमोनिया साचत जातो. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना कडक पाणी मानवतं. त्यांच्यासाठी आरओची काही गरज नाही.

आता नव्या स्पंजावर नक्की काय घडतं ते सांगते, कारण या फिल्टरची किंमत तिथे कळते.

कोरा स्पंज पाण्यात गेला की काही तासांतच पाण्यातल्या सेंद्रिय कणांचा एक अदृश्य लेप त्यावर बसतो. त्या लेपावर जंतू टेकायला लागतात. आधी नुसते टेकतात, सुटून जातात, पुन्हा टेकतात. मग काही ठाम चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट स्राव सोडतात. त्या बुळबुळीत थरात ते एकमेकांना धरून राहतात, वाहत्या पाण्याने निघत नाहीत. लॅबमध्ये कॅथेटरवर असा थर दिसला तर आमच्या पोटात गोळा येतो. इथे तोच थर तयार व्हावा म्हणून आपण वाट बघायची.

सगळ्यात आधी येतात ते कुजकं खाणारे जंतू. ते भराभर वाढतात. नव्या टाकीचं पाणी काही दिवसांत पांढुरकं, धुरकट होतं ते बहुधा यांच्यामुळे. लोक घाबरून सगळं पाणी काढतात, फिल्टर धुतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तसं करू नका. खाणं कमी करा, हवा चालू ठेवा, ते आपोआप निवळतं.

अमोनिया खाणारे मात्र फार सावकाश वाढतात. आमच्या कल्चर प्लेटवरचा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास लागतात, कधी कधी पूर्ण दिवस. म्हणून कोरी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. क्रम ठरलेला असतो. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट वाढत जातं. नायट्रेट दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढायचं.

नायट्राइट चढण्याच्या मधल्या टप्प्यात बरेच मासे दगावतात, कारण अमोनिया शून्य दिसला की लोक निर्धास्त होतात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन करतं. त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो. अशा वेळी थोडं पाणी बदलावं आणि चिमूटभर साधं मीठ टाकावं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्राइट तपासायच्या किटमध्ये जो गुलाबी रंग येतो ना, तीच रासायनिक क्रिया आमच्या लघवी तपासायच्या पट्टीवरच्या नायट्राइटच्या चौकोनात होते. टाकीसाठी मात्र टाकीचंच किट घ्या, आकडा नीट वाचता येतो.

हे जंतू कोण, याबद्दल माहितीही बदलत गेली आहे. नायट्रोसोमोनास अमोनिया खातो आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइट, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. १९९८ मध्ये टिमोथी होवानेक या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइट खाणारा मुख्य जंतू नायट्रोस्पायरा निघाला. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा एक आर्किया (जंतूंसारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) वेगळा करून वाढवला गेला, तोही सिॲटलच्या मत्स्यालयातल्या वाळूतून. आणि २०१५ मध्ये कळलं की काही नायट्रोस्पायरा अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. एवढे मोठे शोध टाकीतल्या वाळूतून आणि फिल्टरमधून लागावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी स्वतः माझ्या स्पंजाचं पिळलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आहे. ४० च्या लेन्सखाली तपकिरी गुठळ्या दिसतात आणि त्यांच्या कडेला देठावर उभी असलेली घंटेच्या आकाराची व्हॉर्टिसेला, हा एकपेशीय जीव. धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो, क्षणभराने पुन्हा सैल होतो. मधूनच रोटिफर नावाचे बारीक जीव डोक्यावरची चक्रं फिरवत जातात. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून बघितले, तर गुलाबी दांडुके भरपूर. त्यातले अमोनियावाले कुठले आणि नायट्राइटवाले कुठले, ते नुसत्या स्टेनवर सांगता येत नाही, त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. पण हे सगळं गोकुळ एका काळ्या स्पंजात भरलंय, हे डोळ्यांनी बघितल्यापासून माझा त्या स्पंजाला हात लावायचा ढंगच बदलला.

आता दुकान. आग्रा रोडच्या एका बोळात आहे, नाव लिहीत नाही कारण मालकांना ते आवडणार नाही. तिथे मला दोन स्पंजांपैकी एक कोरा मिळाला आणि दुसरा त्यांच्या स्वतःच्या टाकीत महिनोन्‌महिने चाललेला, तपकिरी पडलेला. पिशवीत टाकीचंच पाणी, वर हवा, रबर बँड. हातात देताना म्हणाले, “ताई, हाऊ स्पंज नळना पानीमा टाकजो नका.” माझ्यामागे एक मुलगा गोल्डफिशची जोडी मागत होता, टाकी त्याच दिवशी घेतलेली. त्याला मासे दिलेच नाहीत. “मासा मंग ली जावा भो, पयले फिल्टर चालू करा.” गिऱ्हाईक हातचं जाऊ देणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही.

चाललेला स्पंज म्हणजे विरजण. त्याच्यावर आधीच सगळी मंडळी बसलेली असतात, शेजारच्या कोऱ्या स्पंजावर ती पसरत जातात. महिना-दीड महिन्याची वाट बरीच आखूड होते. अट एवढीच की ज्या टाकीतून स्पंज येतो तिथले मासे निरोगी हवेत. अंगावर पांढरे ठिपके, चिकटलेले पंख, कोपऱ्यात निपचित पडलेला एखादा मासा, असलं काही दिसलं तर फुकट दिला तरी घेऊ नका, जंतूंबरोबर आजारही घरी येतो. आणि स्पंज आणल्यावर टाकी रिकामी ठेवून चालत नाही, त्या जंतूंना अमोनिया हवा. दोन-तीन काटक मासे सोडा. किंवा माशांना त्रास नको असेल तर नवसागर वापरा, तोच जो कल्हईवाले वापरतात, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारातला नको, केमिकलच्या दुकानातला शुद्ध आणा. शंभर लिटर पाण्याला सुमारे ०.६ ग्रॅम टाकला की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. चोवीस तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले की टाकी तयार.

बाटलीतल्या जंतूंबद्दल लोक विचारतात. त्यात दोन प्रकार असतात आणि दुकानात ते एकाच फळीवर उभे असतात. एका प्रकारात गाळ कुजवणारे बॅसिलस असतात. ते बीजाणू करून वर्षभर टिकतात, पण अमोनियाचं नायट्रेट करणं हे त्यांचं काम नव्हे. दुसऱ्या प्रकारात खरे नायट्रीकरण करणारे असतात. ते बीजाणू करत नाहीत, त्यामुळे बाटलीत त्यांना जिवंत ठेवायचं तर थंडावा लागतो. मे महिन्यात शोकेसच्या काचेमागे उन्हात तापलेल्या बाटलीत काय उरत असेल, विचार करा. मुंबई-पुण्याहून फ्रीजमधली ताजी बाटली कुणी आणून देणार असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर तेच पैसे वाचवा आणि चाललेला स्पंज मिळवा.

माझ्या नणंदेकडे अमळनेरला कडेला टांगायचा फिल्टर होता, आत बदलायची कार्ट्रिज. दर महिन्याला जुनी फेकून नवी घाला, असं डब्यावर छापलेलं. ती इमानेइतबारे तसं करायची आणि दर महिन्याला मासे सुस्त पडायचे. साहजिक आहे. महिनाभर बसलेली सगळी वसाहत कार्ट्रिजसकट कचऱ्यात गेल्यावर अमोनिया कोण खाणार? असा फिल्टर घरात असेल तर फेकू नका, कार्ट्रिज काढून त्या जागी साधा स्पंजाचा तुकडा आणि सिरॅमिकच्या रिंगा भरा, उत्तम चालतो. डबल स्पंजात ही भानगडच नाही. तो झिजेपर्यंत तोच वापरायचा.

धुण्याची पद्धत सोपी. आठवड्याचं पाणी बदलताना जे पाणी बादलीत काढतो त्यातच एक स्पंज दोन-तीनदा दाबायचा. चॉकलेटी गाळ बाहेर येतो, भोकं मोकळी होतात. तो गाळ काढणं गरजेचंच आहे, कारण हे जंतू हवेवर जगणारे, थराच्या वरच्या बाजूला राहतात. गाळ साचला की कुजकं खाणारे त्यांच्यावर चढतात आणि ऑक्सिजन संपवतात. पण पांढराशुभ्र होईस्तोवर पिळायचा नाही. दुसरा स्पंज पुढच्या खेपेला. दोन असण्याचा खरा उपयोग हाच, एक धुतला तरी दुसऱ्यावरची फौज शाबूत. नळाचं पाणी अजिबात नको, क्लोरीन माणसाच्या जंतूंना मारतं तसं यांनाही मारतं. आपल्याकडे नाहीतरी पाणी काही दिवसांआड येतं आणि ड्रममध्ये साठवलेलं असतं. उघड्या ड्रममध्ये दिवसभर हवा सोडून ठेवलं तर मोकळं क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट. आणि माशांना औषध द्यायची वेळ आलीच तर आजारी मासा वेगळ्या टबात घ्या. अँटिबायोटिक किंवा मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत ओतलं की फिल्टरही आजारी पडतो.

आता वीज. आपल्या भागात वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की चार-पाच तास निश्चिंती. ३० अंशांच्या लिटरभर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. मासेही त्यातलाच घेतात. बाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये वीज गेली की आतलं पाणी अडकून पडतं, ऑक्सिजन संपतो, आणि बऱ्याच तासांनी वीज आल्यावर तेच घाण पाणी टाकीत येतं. स्पंज टाकीतच उघड्यावर असतो, त्याला आजूबाजूच्या पाण्यातून थोडातरी ऑक्सिजन मिळत राहतो. शिवाय छोटा एअर पंप तीन ते पाच वॉट खातो. घरच्या इन्व्हर्टरला ते कळतसुद्धा नाही. इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो एक घेऊन ठेवा. मला हा फिल्टर आवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तक्रारी. खालचं जड बूड पुरेसं जड नाही, पहिले काही दिवस फिल्टर तरंगतो. पाण्यात दाबून आतली हवा काढावी लागते. काचेला चिकटणारे रबराचे कप उन्हाळ्यात कडक होऊन सुटतात. डब्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी छोटी झडप) नसतो आणि ही गंभीर उणीव आहे. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर पाणी उलट्या दिशेने नळीतून पंपात आणि तिथून बोर्डात उतरू शकतं. अर्धा गुण यासाठी कापला. पंपाची घूं-घूं झोपायच्या खोलीत जाणवते, खाली जुन्या टॉवेलची घडी ठेवली की कमी होते. आणि दिसायला हा काही देखणा नाही. मागे उंच रोपं लावली तर लपतो.

ऑस्कर किंवा मोठे गोल्डफिश पाळणाऱ्यांना एकटा हा पुरणार नाही, त्यांची घाण फार, त्यांनी दोन लावावेत किंवा जोडीला मोठा फिल्टर घ्यावा. गप्पी, मॉली, टेट्रा, फायटर आणि पिल्लांच्या टाकीला मात्र याच्याइतका योग्य दुसरा नाही. पिल्लं ओढली जात नाहीत, उलट दिवसभर स्पंजावर चरत असतात.

घेताना स्पंज बोटांनी दाबून बघा. दाबल्यावर लगेच फुगून वर आला पाहिजे. भोकं डोळ्यांना दिसतील इतकी मोठी हवीत, फार बारीक असली तर आठवड्यात तुंबतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वेगळा मागून घ्या, वीस-तीस रुपयांना मिळतो, आणि बाणाची दिशा टाकीकडे करून बसवा. दुकानदाराला चाललेला स्पंज मागायला लाजू नका. दुपारच्या उन्हात आणू नका, संध्याकाळी सहानंतर जा, पिशवी कापडात गुंडाळून आणा आणि घरी आल्या आल्या पाण्यात सोडा.